पावडरच्या डब्याची नवरी

अमडापूरच्या पुष्पांजलीकडे एक नवरा-नवरी होते. त्यांनी आसपासच्या गावांतली इतकी लग्नं पाहिली होती की एखाद्या भटजीलाही हेवा वाटावा. नवरी पावडरच्या डब्याची, नवरा खोबरेल तेलाच्या बाटलीचा. पण हे सांगितल्याशिवाय कुणाला कळायचं नाही, आणि पुष्पांजली ते गल्लीबाहेर कुणाला सांगायची नाही.

तिचा धंदा रुखवताचा. लग्नाच्या मांडवात नवरीकडचे लोक शोभेची जी मांडणी करतात, ती पूर्वी नवरी स्वतः करायची. महिना-दोन महिने घरात सुया, दोरे, टिकल्या आणि डिंक यांचा पसारा असायचा. आता पोरींना वेळ कुठे? कुणी नर्सिंगला, कुणी पोलीस भरतीसाठी पहाटे ग्राउंडवर. पण पोरगी शिकली म्हणून रुखवत काही सुटत नाही, तेव्हा पुष्पांजलीचं रुखवत भाड्यानं जायचं. साबणाच्या वड्यांचे हंस, शाम्पूच्या बाटलीचा मोर, दंतमंजनाच्या डबीचं तुळशीवृंदावन आणि सगळ्यांच्या पुढे पाटावर ते जोडपं. तिचा नियम एकच होता. आतली वस्तू ओळखू आली की मेहनत फुकट गेली. बाटलीचं झाकण दिसलं, डब्याचा काठ दिसला, की वरपक्षाच्या बाया ओठ दाबून हसतात. म्हणून झाकणाला फेटा, काठाला जरीची किनार, आणि जिथे काहीच जमत नाही तिथे मोत्यांची माळ. त्या मांडणीपुढे उभी राहून नवरीची आई म्हणायची, "आमच्या पोरीनं सोताच्या हातानं केलं हो सारं," आणि पुष्पांजली मागे कोपऱ्यात गप्प बसायची. एवढं खोटं भाड्यातच धरलेलं असे.

जोडपं मात्र मुळात भाड्यासाठी केलेलं नव्हतं. बावीस वर्षांपूर्वी पुष्पांजलीचं स्वतःचं लग्न ठरलं होतं, तेव्हाचं ते. नवरी आपल्यासारखी दिसावी म्हणून तिने भिंतीवरचा आरसा काढून पुढ्यात ठेवला, आईची नथ नाकात घातली आणि आरशात पाहत पाहत बाहुलीचं तोंड रंगवलं. नथ ज्या बाजूला दिसली त्याच बाजूला तिने ती चिकटवली, त्यामुळे ती गेली बाहुलीच्या उजव्या नाकपुडीत. आईच्या ध्यानात आलं तोवर डिंक वाळला होता. मग घरात दोन दिवस नुसतं हसणं चाललं होतं.

डबा भरलेला होता. त्या काळी रुखवतातल्या वस्तू भरलेल्याच असत. नवरी सासरी गेली की महिन्याभरात हंस मोडून साबण न्हाणीत जायचा, आणि पावडर तर पहिल्याच सणाला लागायची. "काचेत ठेवाले नसते हे," आई म्हणाली होती, "तिकडं गेलीस की उकलजो अन् वापरजो."

लग्नाला आठ दिवस उरले असताना निरोप आला की मुलाची इच्छा नाही. का नाही, ते धड कुणी सांगितलं नाही. पुढे दोन-तीन स्थळं आली, ती मोडलेल्या लग्नाचं ऐकून माघारी गेली. मग बाप गेला, धाकट्या भावाचं, दयारामचं शिक्षण झालं, त्याचं लग्न झालं, आणि पुष्पांजलीचं राहिलं ते राहिलंच. बांधून ठेवलेलं रुखवत एका चुलत बहिणीने मांडायला नेलं. ते परत आलं. मग शेजारणीने नेलं, तेही परत आलं. असं करता करता त्याचा धंदा झाला. हंस दरवर्षी नवे झाले, मोर तीनदा बदलला. जोडपं तेवढं पहिल्यापासूनचं. ते लग्नाला जायचं, पाटावर बसायचं, फोटोत यायचं आणि ट्रंकेत बसून घरी परतायचं. "या, मानकरी आले," असं म्हणत पुष्पांजली त्यांची धूळ पुसायची आणि हसायची. पण ट्रंकेचं झाकण लावताना दर वेळी तिला वाईट वाटायचं, आणि बावीस वर्षांत ते वाटणं रतीभरही कमी झालं नव्हतं.

फाल्गुनात गल्लीतल्या अंबूबाईच्या प्रतीक्षाचं लग्न झालं. मुलगा लोणारचा, शिवम नावाचा. घरची भाजीपाल्याची शेती, माणसं चांगली. रुखवत अर्थातच पुष्पांजलीचं. शेवटच्या पंगतीला जेवून ती आवराआवर करायला आली, तर हंस जागेवर, मोर जागेवर, आणि पाट रिकामा.

"विहीणबाईनं उचललं," अंबूबाई पदराने घाम पुसत म्हणाली. "दोघाइले मांडीवर घेऊन गाडीत बसल्या वं. मी काय म्हणू? भाड्याचं हाय म्हणू? आत्ताच तर सांगतलं होतं का पोरीनं सोता केलं म्हणून."

"मंग?"

"मंग काय! तू तसंच दुसरं कर. लागन ते सामान मी आणून देते."

"मले तसंच नाही पायजे," पुष्पांजली म्हणाली. "मले तेच पायजे."

अंबूबाईला हे कळेना. डबा तो डबा, बाटली ती बाटली. पण पुष्पांजलीचा चेहरा पाहून ती नरमली आणि म्हणाली, प्रतीक्षा मांडवपरतणीला येईल तेव्हा गुपचूप घेऊन येईल. प्रतीक्षा आली आणि चार दिवस राहून गेली, पण जोडपं काही आलं नाही. सासूबाईंनी ते शोकेसमध्ये ठेवलंय आणि आल्यागेल्याला दाखवतात, एवढं मात्र कळलं. त्या दिवशी पुष्पांजलीने एक मोठी पिशवी आणि जुनी मऊ चादर काढून ठेवली.

"ताई, डबा अन् बाटली हाय ते," तिची भावजय छाया म्हणाली. "त्याच्यापायी लोणारपावेतो जाता?"

"जाते."

"अन् तिथं काय सांगसान?"

पुष्पांजलीने चादर पिशवीत कोंबली आणि निघाली. गल्लीच्या तोंडाशी अंबूबाईने पाठीमागून येऊन हात धरला होता, की बाई, तिथं एक शब्द बोलू नको, पोरगी नांदायला गेली त्याला महिना नाही झाला. पुष्पांजली तोंडदेखलं हो म्हणाली होती. चिखलीला बस बदलली, मेहकरला बदलली, आणि सगळ्या वाटेने ती मनात वाक्यं जुळवत होती. मेहकरच्या पुढे तिला स्वतःचाच राग आला. आपली वस्तू आणायला निघालेल्या माणसाने चोरासारखं का बसावं?

घर शोधायला त्रास पडला नाही. प्रतीक्षाने दार उघडलं आणि तिचा रंगच उडाला. तरी सावरून ती आत वळून म्हणाली, "आई, अमडापूरच्या आत्या आल्या."

सासू सत्यभामाबाई ओसरीवर मेथी निवडत बसल्या होत्या. अंगाने भक्कम, आवाज मोठा, डोळ्यांवर जाड चष्मा. "या, या! उन्हाचं कायले निघाल्या? सूनबाई, पाणी आण." त्यांनी पुष्पांजलीला हाताला धरून बैठकीत नेलं आणि थेट शोकेससमोर उभं केलं. टीव्हीच्या शेजारी, वरच्या कप्प्यात, खाली लाल मखमल अंथरून नवरा-नवरी बसवले होते.

"पाहा आमच्या सुनेची कारागिरी," सत्यभामाबाई म्हणाल्या. "येणारा जाणारा इचारते, कोणत्या बजारातून आणलं म्हणून. आमच्या पोरीचं, सुचिताचं लग्न हाय ना वैशाखात, तिचं रुखवत सूनबाईच करन. म्या साऱ्या सोयऱ्याइले सांगून टाकलं."

पुष्पांजलीने प्रतीक्षाकडे पाहिलं. पाण्याचा तांब्या घेऊन ती दारातच थांबली होती.

चहा ठेवायला सत्यभामाबाई स्वतः आत गेल्या. त्यांची पाठ वळताच प्रतीक्षा पुष्पांजलीच्या पायाशी बसली.

"आत्या, घेऊन जा. आत्ताच घेऊन जा. रोज कोणी ना कोणी येते अन् मले इचारते, कसं केलं, काय वापरलं. मले सुईत दोरा ओवता येत नाही वं धड. अन् आता सुचिताताईचं रुखवत! मी म्हणते, पुसता पुसता हातातून पडलं."

"पडलं म्हणशीन?"

"हो. मोडलं म्हणून फेकून देल्लं म्हणते."

तिने शोकेसची काच सरकवली, जोडपं काढलं आणि पुष्पांजलीच्या हातात दिलं. नवरीचा तो ओळखीचा जडपणा हाताला लागला आणि पुष्पांजलीला एकदम हायसं वाटलं. तिने आधी नवऱ्याला चादरीत गुंडाळलं. मग नवरीला घ्यायला गेली आणि तिचा हात थांबला. नव्या सुनेच्या हातून पहिल्याच महिन्यात रुखवतातलं जोडपं मोडलं, ही गोष्ट लोणारात किती दिवस पुरेल? घरात कुणाला साधा ताप आला तरी बाया त्याच्याशी जोडतील. एक लग्न मोडल्यावर बाया काय काय जोडतात ते पुष्पांजलीला पुरतं ठाऊक होतं. तिला स्वतःला बावीस वर्षं ते पुरलं होतं. पण जोडपं तिचं होतं. ते सोडायचं तर का सोडायचं, हेही तिला कळत नव्हतं.

ती तशीच अर्धी गुंडाळलेली चादर घेऊन बसली असताना सत्यभामाबाई चहाचे कप घेऊन बाहेर आल्या. त्यांनी रिकामा कप्पा पाहिला आणि पिशवी पाहिली. प्रतीक्षा लगबगीने उठून उभी राहिली.

"काढलं का? बरं झालं," सत्यभामाबाई म्हणाल्या आणि कप खाली ठेवले. "मालकीण कवा येते याची मी रोज वाट पाहून राह्यली होती."

त्या खुर्चीत टेकल्या.

"चार वर्षांमागं चिखलीले माह्या भाचीचं लग्न होतं. तिथं हेच जोडपं पाटावर होतं. उजव्या नाकात नथ असलेली नवरी अजून कुठं पाह्यली नाही म्या. लग्नाच्या दिवशीच ओळखली."

"मंग उचललं काऊन?" पुष्पांजलीच्या तोंडून तिखट निघून गेलं.

"सांगते. रुखवत पाहाले आमच्या चुलत जाऊबाई आल्या, चार बाया संग घेऊन. म्हणे, हे भाड्याचं दिसते. मोठ्यानं म्हणल्या. पोरगी हार घालून बाजूलेच उभी, तिचं तोंड एवढुसं झालं. म्या म्हटलं, हे आज भाड्याचं निघालं तर ह्या बाया हिले जन्मभर ऐकवतीन. म्हणून जोडपं उचललं अन् मांडीवर घेऊन गाडीत बसली. भाड्याची वस्तू कोणी मांडीवर घेऊन जाते का? जाऊबाईचं तोंडच बंद." त्यांनी चहाचा कप पुष्पांजलीपुढे सरकवला. "पण तुमची वस्तू होती. न इचारता नेली, चुकलंच माह्यं. निरोप धाडावा तर कोणाच्या हाती? विहीणबाई शरमल्या असत्या."

प्रतीक्षा रडायला लागली होती. सत्यभामाबाईंनी तिच्याकडे न पाहताच तिच्या पाठीवर हात ठेवला.

"अन् सुचिताचं रुखवत सूनबाई करन, असं सोयऱ्याइले काऊन सांगतलं?" पुष्पांजलीने विचारलं. आता तिच्या आवाजातला तिखटपणा गेला होता.

"तिची माय बोलून बसली, हे गप्प राह्यली. आता ते खरं करून घ्या लागते का नाही? वैशाखाले येळ हाय. म्हटलं, मालकीण आली का तिच्याच पाया पडू, का बाई, शिकवा इले. न्या तुमचं जोडपं. कोणी इचारलं तर मी सांगीन, म्याच बहिणीले देल्लं. पडलं-मोडलं काही नाही. ऐकलं म्या आतून."

म्हणजे आता काहीच अडचण उरली नव्हती. जोडपं पिशवीत घालायचं, चहा प्यायचा आणि तीनची बस धरायची. पुष्पांजलीने नवरीला चादरीवर आडवं केलं.

"एक इचारू?" सत्यभामाबाई म्हणाल्या. "कोणासाठी केलं होतं हे? भाड्यासाठी कोणी इतकं करत नाही. पोलक्याच्या बाहीले सुदा काठ हाय."

पुष्पांजलीला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. तिच्या कपाळाकडे आणि गळ्याकडे पाहून लोक जे समजायचं ते समजत आणि पुढे बोलत.

"माह्यासाठी," ती म्हणाली.

सत्यभामाबाईंनी खुर्ची तिच्याजवळ ओढली. बाहेर भाजीची गाडी आली, कुणीतरी हाक मारली, तरी त्या जागच्या उठल्या नाहीत.

पुष्पांजली चादरीवरच्या नवरीकडे पाहत राहिली. एवढ्या लग्नांना जाऊन आलेलं हे जोडपं बावीस वर्षांत पहिल्यांदाच सासरी पोचलं होतं. कुणीतरी मांडीवर घेऊन त्याला इथे आणलं होतं, मखमलीवर बसवलं होतं. आणि आपण पिशवी घेऊन आलोय, त्याला पुन्हा ट्रंकेत घालायला. तिला आपली कीव आली आणि थोडं हसूही आलं.

"कात्री हाय का घरात?" तिने प्रतीक्षाला विचारलं. "अन् तुह्या पावडरचा डबा आण. डिंक, सुई, जे असन ते आण."

"कायले, आत्या?"

"बाहेरून पाहून हे शिकता येत नाही. आतून पाहा लागते."

सत्यभामाबाई म्हणाल्या, "अवो, ते उसवू नोका! दुसरं काही घ्या."

"उसवाचंच असते ते," पुष्पांजली म्हणाली आणि कात्रीचं टोक नवरीच्या निऱ्यांखाली घातलं.

बावीस वर्षांत त्या टाक्यांना कुणी हात लावला नव्हता. एकेक टाका तोडत ती प्रतीक्षाला दाखवत गेली. निऱ्या आधी कागदावर घालायच्या आणि मग डब्याला लावायच्या. हात तारेचे, पण तार आधी कापसात गुंडाळायची. डोकं झाकणावर बसतं, म्हणून गळ्यात माळ घालायची, ती शोभेची नाही, फट झाकायची आहे. प्रतीक्षाने नाक पुसलं आणि मन लावून पाहू लागली. तिची बोटं जाड होती, पण घाई करत नव्हती, आणि या कामात तेवढं पुरतं. शेवटी डोकं सुटून आलं, आणि चादरीवर एक पत्र्याचा डबा उभा राहिला. त्याच्यावरची फुलं फिकी पडली होती, काठाला थोडा गंज होता. शोकेसमध्ये बसणाऱ्या नवरीच्या पोटात हा असा साधा डबा होता हे पाहून सत्यभामाबाई तोंडावर पदर घेऊन हसल्या, आणि मग पुष्पांजलीही हसली.

"भरलेला हाय?"

"हो."

झाकण सहजी फिरेना. प्रतीक्षाने फडक्यात धरून पिळलं तेव्हा ते फिरलं. आतली पावडर घट्ट बसली होती. डबा दोनदा हातावर आपटला तेव्हा चिमूटभर पडली. वास होता, पण अगदी थोडा, नाक जवळ नेल्यावर कळेल एवढा. पुष्पांजलीने तो घेतला आणि तिला आईची आठवण आली, त्या दोन दिवसांच्या हसण्यासकट.

नवं काम तिने प्रतीक्षाकडूनच करवून घेतलं. प्रतीक्षाच्या स्वतःच्या, अर्ध्या वापरलेल्या डब्यावर निऱ्या चढल्या, पोलकं चढलं, डोकं बसलं. निऱ्या थोड्या तिरक्या आल्या. पुष्पांजलीने त्या सरळ केल्या नाहीत. नथ उसवताना सुटून आली होती, ती प्रतीक्षाने चिमटीत धरली.

"आत्या, कोणीकडं लावू?"

पुष्पांजलीने नथीकडे पाहिलं. उजवीकडे लावली तर अजून कुणी तरी ओळखेल, हे एक. पण तेवढंच नव्हतं.

"डावीकडं," ती म्हणाली. "तू घालतेस तशी. आता ही तुही हाय." मग नवऱ्यालाही चादरीतून काढून तिने दोघांना पुन्हा मखमलीवर बसवलं.

तीनची बस केव्हाच गेली होती. पाचच्या बसपर्यंत सत्यभामाबाईंनी तिला जेवल्याशिवाय उठू दिलं नाही. निघताना हळद-कुंकू लावलं, मेथीची जुडी पिशवीत घातली आणि म्हणाल्या, "सुचिताच्या रुखवताले या. पाहाले या, मांडाले नाही."

घरी छायाने आधी पिशवीत डोकावलं. मेथी, जुनी चादर आणि एक गंजलेला डबा. "ताई, जोडपं कुठं हाय?"

"सासरी राह्यलं," पुष्पांजली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अंघोळ करून ती आरशापुढे उभी राहिली. तोच आरसा, आता काठाला डाग पडलेला. तिने डबा हातावर आपटला, पडली तेवढी पावडर गालांना लावली, गळ्याला लावली. एका बाजूला जास्त पांढरं झालं ते पदराने पुसलं. मग झाकण लावलं आणि डबा आरशाच्या फळीवरच ठेवला, कंगव्याच्या शेजारी, उद्या पुन्हा हाताशी यावा म्हणून.